बंद शाळेतलं दीड युनिट

कडुसकर सर साबणाचं वजन करतात. रोज संध्याकाळी पाच वाजता शिक्षकांच्या बेसिनवरची वडी उचलायची, फडक्याने कोरडी करायची, प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवायची आणि वहीत ग्रॅम लिहायचे. "आज दोन ग्रॅम जास्त गेला. पाहुणे आले होते का कुणी?" असं त्यांनी एकदा मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. आले होते. बाईंचे मामेसासरे. तेव्हापासून बाई त्यांना जरा घाबरूनच असतात.

मोशीतल्या ज्या शाळेत माझी मुलगी शिकते, तिथे ते प्रयोगशाळा सहायक. मी चाकणच्या एका कंपनीत कॉस्टिंग पाहतो, म्हणून पालकांनी मला शाळेच्या खर्च समितीवर ढकललं. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. ती कडुसकर सरांच्या वह्यांत जायला लागली. वीज, पाणी, खडू, कागद आणि साबण-फिनेल अशा पाच वह्या. इतका स्वच्छ हिशेब मी आमच्या कंपनीतही पाहिलेला नाही. नवा खडू हवा असेल तर जुना अंगठ्याच्या नखाएवढा झालेला दाखवावा लागे. वर्षभरात विजेचं बिल पाव हिश्शाने खाली आलं, हे मी स्वतः ताडून पाहिलंय.

शाळेत ते अनवाणी फिरत. "तळव्याला ओल कळते साहेब. गळती डोळ्यांना दिसायच्या आधी पायाला सापडते." त्यामुळे ते आल्याचं कुणाला कळत नसे. गणिताच्या बाई एकदा रिकाम्या वर्गात वह्या तपासत होत्या. अचानक पंखे थांबले, दिवे गेले आणि मानेमागून आवाज आला, "एका माणसाला चार पंखे?" बाईंची किंकाळी म्हणे तळमजल्यापर्यंत ऐकू आली. मुलांनी सरांचं नाव 'मुंजा' ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. "मुंज्याला बिल येत नाही," एवढंच ते म्हणाले.

मग मे महिन्याची सुट्टी लागली. पहिल्याच गुरुवारी मी गेलो तर सर फाटकाशीच उभे होते. मजल्यांचे मेन स्विच पाडलेले, पाण्याच्या मोटारीला कुलूप. एरवी सातशे मुलं ओरडत असतात तिथे एक पान हलत नव्हतं. हायवेवरून जड ट्रेलर गेला की सगळ्या खिडक्यांच्या काचा एकदम थरथरत आणि एकदम गप्प होत.

सरांनी वही उघडली. पान लाल शाईने भरलं होतं. 'वीज दीड युनिट. पाणी चाळीस लिटर. साबण तीन ग्रॅम. वापरणारा अज्ञात.' आणि हे रोजचं होतं, एकही दिवस न चुकता.

"गळती असेल," मी म्हणालो.

"गळतीला साबण लागत नाही."

आम्ही शोधायला निघालो. ते पुढे, त्यांच्या पावलांचा आवाज नाही. मी मागे, माझ्या बुटांचा मात्र प्रत्येक वर्गातून परत येत होता. बेसिन ओलं होतं. वरच्या मजल्यावर, चौथीच्या वर्गात, एक बाक खिडकीपाशी ओढलेला होता. आणि फळ्याच्या कोपऱ्यात, जिथे बाई रोज वर्गाचा पट लिहितात तिथे, ताज्या खडूने त्या दिवसाची तारीख होती. खाली लिहिलं होतं, 'पट १. हजर १.'

"सर, हे कुणी लिहिलं?"

सरांनी फळ्याखालचा खडू उचलून नखाशी धरून पाहिला. मग खडूची वही काढून म्हणाले, "साधारण एक सेंटिमीटर गेला असेल."

मी समितीत हे सांगितलं आणि चूक केली. संस्थेच्या सचिवांनी एकच प्रश्न विचारला, "किल्ली कुणाकडे?"

एक किल्ली सरांकडे आणि दुसरी शेवंताबाईंकडे. सरांवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ती लाल शाई त्यांचीच होती. शेवंताबाई मोशी गावठाणातल्या, एकोणीस वर्षं शाळेची झाडलोट करणाऱ्या. "हिनेच नात्यातलं कुणीतरी आणून ठेवलंय," सचिव म्हणाले. "शाळा उघडायच्या आत माणूस सापडला नाही, तर बाईंना नारळ."

शेवंताबाई सरांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या वहीत समदं आसतंय. माझं नाव हाय का त्यात?"

"नाही."

"मग सांगा की त्यास्नी!"

सर पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. मला त्यांचा राग आला. एवढा बारकाईचा माणूस, आणि एका बाईच्या पोटावर येतंय तर गप्प!

पुढच्या गुरुवारी शाळेत सर नव्हते आणि वह्याही नव्हत्या. सर बँकेत गेले असतील असं शेवंताबाई म्हणाल्या. वह्या घरी असतील, बँकेतून तेही तिथेच येतील, म्हणून मी जाधववाडीला त्यांच्या घरी गेलो. दाराच्या कडीत विजेची तीन बिलं खोचलेली होती. दुसऱ्याचं बिल वाचू नये, पण आकडा दिसला की माझी नजर थांबत नाही. वापर शून्य. मागचा महिना शून्य. त्याच्या मागचाही शून्य.

शेजारच्या काकू बाहेर आल्या. "कडुसकरांना शोधताय? थंडीत वहिनी गेल्या ना, त्यानंतर आठवडाभर होते. मग दिसलेच नाहीत."

मी जिन्यातच बसलो. एक पंखा, एक दिवा, एका माणसाची आंघोळ. इथे शून्य आणि तिथे दीड युनिट. इतका सोपा ताळा मी आयुष्यात घातला नव्हता आणि तो बरोबर आला म्हणून इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

मी शाळेत परतलो तेव्हा सर आलेले होते, चौथीच्या वर्गात, त्या बाकावर.

"सर, मी तुमच्या घरी जाऊन आलो."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती गेल्यावर मी घरी मोजलं होतं साहेब. सवयीने मी दिवा लावत नाही, जेवायला खानावळीत, आंघोळीचं भान नाही. साबण झिजेना. गॅसची टाकी हलेना. मीटर जागच्या जागी. आठवडाभर मी त्या घरात होतो आणि कुठल्याच आकड्यात नव्हतो. एकदा आरशासमोर जायची भीती वाटली. इथे मुद्दाम पंखा-दिवा लावून झोपतो, सकाळी मीटर वाचला की दीड युनिट पडलेलं असतं. म्हणजे कोणीतरी आहे."

"मग वहीत लिहिलंत कशाला?"

"वहीत खोटं कसं लिहू?"

"आणि नाव?"

"त्याचा धीर झाला नाही."

"शेवंताबाईंचं काम जातंय सर."

ते उठले. आवारात शेवंताबाई नारळाच्या झावळ्या गोळा करत होत्या. सरांनी उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगितलं. झावळी खाली आपटून बाई म्हणाल्या, "एकोणीस वरीस हितं राबले, आन् तुमच्यापायी चोर म्हणवून घेतलं! तोंड शिवलं व्हतं का तवा?"

सरांनी मान खाली घातली. त्याच दुपारी त्यांनी सचिवांना लेखी दिलं. किल्ली काढून घेतली गेली, अज्ञाताचं वीज-पाणी पगारातून कापायचं ठरलं. शेवंताबाईंचं काम राहिलं. पाच वाजता सर कापडी पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभे होते, पण पाऊल उचलत नव्हते.

शेवंताबाई फाटक लावून आल्या. राग अजून चेहऱ्यावर होता. "चला. मी येती तुमच्या दारापत्तुर. तुमी वर जावा, ग्यालरीत येऊन हात करा. तवर मी खाली उभी ऱ्हाते."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी वर यीन. जिना न्हाई व्हय चढता येत मला?"

पुढच्या गुरुवारी मी शेवंताबाईंना विचारलं, सरांनी हात केला का म्हणून.

"लई येळ लावला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, येत न्हाईत आता. मग आले. हात न्हाई केला. कठड्याला धरून नुसतं इचारलं, शेवंताबाई, मी दिसतोय का?"

"मग?"

"म्हणलं, दिसताय की. आत जावा आन् जेवा."