हिल्डाबाईंचा चहा राहिला

रेमंड पिकल्सला मोठ्या मेहुणीची भीती वाटायची आणि त्याच्या गाडीला उताराची. त्या शनिवारी दोन्ही एकदमच वाट्याला आलं.

गाडी मोहरीच्या रंगाची, रेमंडच्या लग्नाइतकी जुनी. नवी होती तेव्हाही ती कुणाला आवडली नव्हती. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. तसल्या मोजक्याच गाड्या देशात उरल्या होत्या आणि त्यांचे मालक एकमेकांना सुटे भाग देत, नातेवाईक रक्त देतात तसे. दर रविवारी रेमंड तिच्याखाली आडवा असे आणि बाहेर आला की तिच्या बॉनेटवर हलकेच थोपटत असे.

त्याची बायको मॉरीन या प्रकाराला कंटाळली होती. "आता ताईच काय ते ठरवेल," असं म्हणून तिने हिल्डाबाईंना दोन दिवस बोलावून घेतलं. हिल्डाबाईंनी एकदा ठरवलं की यॉर्कशायरात कुणी अपील करत नसे.

स्टेशनवरून निघताना त्या गाडीत बसल्या, टोपी सावरली आणि म्हणाल्या, "रेमंड, सोमवारी ही भंगारात जाईल. मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

रेमंडने गाडी सुरू केली. डोंगराचा माथा आला, पलीकडे उतार लागला. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला. काही नाही. आदल्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने ब्रेकचं रबर बदललं होतं. हँडब्रेक ओढला, तर गाडीखालून नुसता जळका वास आला.

सांगावं, तर गाडी सोमवारची वाट न बघता आजच भंगारात. न सांगावं, तर बहुधा गाडीसकट ती दोघंही. त्याने खालचा गियर टाकला. इंजिन किंचाळलं आणि वेग जरा कमी झाला.

"कसला वास येतोय?"

"शेतात काहीतरी जाळत असतील."

"हळू घे जरा."

"इथं हळू घेतलं की इंजिन रुसतं, हिल्डाबाई."

पहिलं गाव आलं. "तो बघ चहावाला. थांबव."

"नको. पाणचट असतो तिथला."

हिल्डाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हॉटेल मागे पडलं. वळणावर एक मेंढी रस्त्याच्या मधोमध उभी होती. रेमंडने हॉर्न दाबला. मेंढीने रवंथ केलं. चाकं गवतावर चढली, उतरली, आणि टोपी हिल्डाबाईंच्या नाकावर आली.

"पुढच्या गावात मात्र मी चहा घेणार," टोपीआडून आवाज आला.

"नाही. घरी जाऊन घ्यायचा."

"मला उतरायचंय, रेमंड."

"नाही म्हटलं ना."

हा आवाज आपलाच आहे हे त्याला जरा उशिराच कळलं. हिल्डाबाईंनी टोपी वर केली आणि त्याला निरखून पाहिलं, तसा तो जास्तच घाबरला. दुसरं गाव गेलं, तिथला चहाही गेला. शेवटी खाली ओढ्यावरचा पूल आला आणि पलीकडे त्याच्या गल्लीचा चढ. गाडी धापा टाकत चढली, दमली, दाराशी येऊन थांबली. रेमंडने ती गियरमध्येच बंद केली, पटकन उतरून चाकामागे दगड लावला आणि हिल्डाबाईंचं दार उघडलं.

मॉरीन बाहेर आली. "काय ठरलं गं ताई?"

"गाडी राहू दे," हिल्डाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुझा नवरा मला आज तोंडावर नाही म्हणाला. एकदा नव्हे, तीनदा. माझ्या नवऱ्याला, आल्फ्रेडला, ते मरेपर्यंत जमलं नाही. या गाडीत बसून माणसाला कणा येत असेल, तर असू दे बापडी."

मॉरीन नवऱ्याकडे बघतच राहिली. गाडी वाचली एवढंच रेमंडला समजलं होतं.

"आणि सोमवारी मी ट्रेननं जाणार नाही," हिल्डाबाई म्हणाल्या. "तूच मला डोंगरावरून घरी सोड. याच गाडीतून. जमेल ना?"

रेमंडला नाही म्हणायचं होतं. पण आता गाडी थांबलेली होती. तो "हो" म्हणाला.