चिली, अंधार आणि ड्वेन कोझाक

"केंद्र सरकारच्या पैशांतून नाश्ता चालेल. जेवण चालणार नाही," राज्याच्या शिक्षण खात्यातल्या मिसेस हार्डर फोनवर पुन्हा म्हणाल्या.

"अहो, पण पालक संध्याकाळी येणार. कुणी शेतावरून, कुणी कामावरून. त्यांच्या हातावर काय बिस्किटं ठेवू?" डार्लीन ह्रुस्काबाईंनी विचारले.

"बिस्किटं चालतील."

डार्लीनबाईंनी फोन ठेवला, तो नीट बंद झाल्याची खात्री करून घेतली आणि मग तिसरीच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला एक शब्द मोठ्याने उच्चारला.

कॉटनवुड बेंडच्या प्राथमिक शाळेत जी मुले वाचताना अडखळत, ती डार्लीनबाईंच्या वाचनखोलीत येत. खोलीचा खर्च वॉशिंग्टनहून यायचा आणि त्यांची अपेक्षा साधी होती: मुलांनी वाचावे आणि घरच्यांनी शाळेत येऊन ते ऐकावे. मुले वाचत होती. घरच्यांपैकी आया येत होत्या, आज्या येत होत्या, एकदा तर कुणाची तरी भाडेकरूही येऊन बसली होती. बाप मात्र औषधालाही सापडत नव्हते. त्यात आता ऑक्टोबरच्या वाचन-संध्येला मिसेस हार्डर राज्याच्या राजधानीतून, लिंकनहून जातीने येणार होत्या, सगळे डोळ्यांनी बघायला.

पण डार्लीनबाईंच्या डोक्याला खरा ताप मिसेस हार्डरचा नव्हता, ब्रिन कोझाकचा होता. पहिलीत असताना पुस्तक दिसले की या पोरीच्या पोटात दुखायचे. आता तिसरीत तिने पाण्याच्या टाकीवर चढलेल्या शेळीचे अख्खे पुस्तक एकटीने वाचून काढले होते. ते ती मोठ्याने वाचून दाखवणार होती, फक्त डॅडींना. आईने विनवले, आजीने लालूच दाखवली, पण ब्रिनचे एकच. "डॅडी शाळेत आले की."

डॅडी म्हणजे ड्वेन कोझाक. पंचवीसेक वर्षांपूर्वी तोही याच खोलीत डार्लीनबाईंसमोर बसून घाम पुसत असे. त्या त्याला पेट्रोल पंपावर गाठायला गेल्या.

"बाई, मका उभाय शेतात," ड्वेन टोपीशी चाळा करत म्हणाला.

"गेल्या वर्षीही उभाच होता. पळून गेला का?"

"वाचनबिचन माझ्या बायकोचं, लोरीचं खातं. मी काय करू तिथं येऊन?"

"खुर्चीवर बसायचं आणि ऐकायचं. एवढं जमेल की नाही?"

"त्या खोलीत पाऊल टाकलं तरी अजून माझे हात ओले होतात," असे म्हणून ड्वेन ट्रकमध्ये चढला आणि खिडकीतून हसून ओरडला, "शाळेला आग लागली तर सांगा बाई! धावत येतो!"

हे मात्र खरे होते. गावच्या अग्निशमन दलात पगारी माणूस एकही नव्हता. सगळे शेतकरी, मेकॅनिक, दुकानदार हौसेने भरती झालेले आणि ड्वेन त्यांचा कॅप्टन. कमरेचा पेजर वाजला की कापणी अर्धी टाकून, लग्नात केक कापायचा ठेवून ही मंडळी उठत. शाळेच्या बोलावण्याला मात्र त्यांच्याकडे पेजर नव्हता.

जेवणाचा तिढा बाईंनी गावच्या पद्धतीने सोडवला. केंद्राच्या पैशांतून दालचिनीचे गोड रोल आणायचे, तो झाला नाश्ता. आणि ज्याला जमेल त्याने घरून चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा झणझणीत रस्सा, आणायची. चिली आणि दालचिनीचा रोल म्हटले की इकडचा माणूस आजारातून उठून येतो. "थोडीशी आणा," असे त्यांनी सांगितले. नेब्रास्कातल्या बाईला थोडीशी चिली करायला सांगणे हीच मुळात चूक होती.

त्या संध्याकाळी दारातून बायका येत होत्या आणि प्रत्येकीच्या कडेवर मूल असो नसो, हातात विजेची हंडी होती. खिमा, राजमा, टोमॅटो, वरून झाकण. "चिली गार झाली तर काय खायची?" असे म्हणत प्रत्येकीने आपली हंडी वाचनखोलीत भिंतीला लावली. भिंतीतली भोके संपली तेव्हा कुणीतरी वायरचे वेटोळे आणले, त्या वायरीला दुसरी वायर, तिला तिसरी.

"बाई, या भिंतीतल्या तारा माझ्या वयाच्यायत," शाळेचा डागडुजीवाला म्हातारा गस म्हणाला.

"गस, आता नको रे."

"मला काय. मी सांगून मोकळा."

तेवढ्यात मिसेस हार्डर आल्या. राखाडी कोट, गळ्यात चष्मा, ओठ मिटलेले. त्यांनी हंड्यांची रांग पाहिली.

"हे जेवण दिसतंय."

"लोकांनी घरून आणलंय. आमचा फक्त रोल," डार्लीनबाई घाईने म्हणाल्या.

"रोल चिलीत बुडवून खाल्ला, तर तो नाश्ता राहतो का, हे मला बघावं लागेल." मिसेस हार्डरनी खोलीभर नजर फिरवली. "बाप कुठायत?"

डार्लीनबाईंनी दाराकडे पाहिले. ब्रिन शेळीचे पुस्तक छातीशी धरून दाराकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात उशिरा आलेल्या एका आजीबाईंनी भलीमोठी हंडी टेबलावर ठेवली, एक रिकामे भोक हुडकले आणि वायर खुपसली.

भिंतीत कुठेतरी फट्ट झाले आणि सगळी शाळा अंधारात बुडाली.

इथवरही ठीक होते. पण शाळेत गेल्या वर्षी धोक्याचा नवा भोंगा बसवला होता. वीज जाणे आणि आग लागणे यातला फरक त्याला कळत नसे. तो बोंबलायला लागला आणि त्याने परस्पर अग्निशमन दलालाही कळवून टाकले.

मग काय विचारता! पोरे किंचाळली, आया पोरांना ओढत बाहेर निघाल्या, आजीबाई हंडी घेतल्याशिवाय हलेनात. हिरवळीवर थंडीत सगळे कुडकुडत उभे राहिले. मिसेस हार्डरच्या हातात अर्धा रोल होता आणि तो लपवायला जागा नव्हती. तोवर लाल बंब आलाच. त्यातून आणि मागच्या ट्रकांतून धडाधड उड्या पडल्या. हेल्मेट, बूट, कुऱ्हाडी.

"कोण अडकलंय आत?" ड्वेन ओरडला.

"चिली," डार्लीनबाई म्हणाल्या.

ड्वेन आत जाऊन आला. त्याच्या मिशीला राजमा लागला होता. "आग नाही. आत बसा सगळे, बाहेर गारठाय. गस तारा बघेल. तो ठीक म्हणेपर्यंत आमच्यातला एकही माणूस हलायचा नाही, नियम आहे आमचा."

"नियम!" डार्लीनबाई हताशपणे म्हणाल्या. आज त्यांनी पोटभर नियम खाल्ले होते. आणि मग त्यांच्या ध्यानात आले. वाचनखोलीत, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन गावातले झाडून सगळे बाप बसले होते.

"ड्वेन, बॅटरी आहे ना? धर इकडे," त्या म्हणाल्या. "ब्रिन, ये गं."

ड्वेनने उजेड पुस्तकावर धरला. ब्रिनने पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि वाचायला सुरुवात केली. आधी हळू, मग धीटपणे. गावातली एक शेळी पाण्याच्या टाकीवर चढते आणि काही केल्या उतरत नाही. इतर बाप आपापल्या पोरांची पुस्तके विसरून तिच्याभोवती सरकले.

"शिडी कुठली लावली?" मागून एक मेकॅनिक म्हणाला.

"शिडीचं काम नाही. दोर पाहिजे."

"गप बसा रे, वाचू द्या तिला!" ड्वेन खेकसला. डार्लीनबाईंना दिवसभरात पहिल्यांदा बरे वाटले. मिसेस हार्डर रोल खायचे विसरून पुढे वाकल्या होत्या.

मेयरने शेळीला हाक मारली, पाद्र्याने हाक मारली. शेवटी शेळीची म्हातारी मालकीण पायऱ्या चढू लागली, आणि नेमके तेव्हाच खोलीत लख्ख उजेड पडला.

"झालं काम!" गस दारात येऊन म्हणाला. "निम्म्या हंड्या काढल्यात मी. आता या भिंतीत एक जरी जास्त खुपसली, तर परत उडेल. मग मला बोलायचं नाही."

खुर्च्या करकरल्या. बाप उठले. भर उजेडात सगळ्यांना एकदम आठवले की आपण शाळेत आहोत. ड्वेनने बॅटरी विझवली, हेल्मेट उचलले आणि भिंतींकडे पाहून कपाळ पुसले.

"छान वाचलंस हं. उरलेलं घरी वाच."

ब्रिनने पुस्तक मिटले नाही. ओळीवरचे बोटही काढले नाही.

डार्लीनबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. जन्मभर वीज नको तेव्हा जाते, आणि आज नको तेव्हा आली! त्या तडक आजीबाईंच्या हंडीकडे निघाल्या. नियम गेले खड्ड्यात, नोकरी गेली तरी बेहत्तर. त्या टेबलापर्यंत पोहोचणार, इतक्यात फट्ट झाले.

अंधार. भोंगा. आणि खोलीतल्या सगळ्या कमरांवरचे पेजर एकदम वाजू लागले.

"कुठं बोलावलंय?" कुणीतरी विचारले.

"शाळेत."

"आपण शाळेतच आहोत की."

ड्वेनची बॅटरी पुन्हा लागली आणि आवाजाच्या दिशेने भिंतीवर फिरली. उजेडात मिसेस हार्डर ओणव्या उभ्या होत्या. त्यांच्या हातात आजीबाईंच्या हंडीची वायर होती.

"चिली गार होत होती," त्या ताठ होत म्हणाल्या.

ड्वेनने हेल्मेट हळूच खाली ठेवले.

"बसा रे सगळे. नियम म्हणजे नियम."

बुटक्या खुर्च्या पुन्हा करकरल्या. गस कुठेतरी लांब शिव्या देत जिना उतरत होता. मिसेस हार्डर अंधारात चाचपडत ब्रिनच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि चष्मा चढवत म्हणाल्या, "हं. म्हातारी पायऱ्या चढत होती. पुढं?"