मनोऱ्यावरचा पिवळा स्वेटर

केंड्राने फोटो काढल्याशिवाय कुणी चमचा उचलायचा नाही, असा एक नवाच नियम सिन्योरा इरिदेच्या घरी गेल्या सप्टेंबरपासून होऊन बसला होता. रविवारी दुपारी गरम रश्शातले तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या इवल्या गाठी, ताटात पडले, की ही पोरगी खुर्चीवर चढायची आणि कॅमेरा डोळ्याला लावायची.

"अगं, निवलं ते सगळं! तोर्तेल्लिनी काय नवरदेव आहेत, फोटो काढून घ्यायला?"

"एकच, सिन्योरा. फोटोत वाफ आली पाहिजे."

"वाफ पोटात गेली पाहिजे! उतर खाली."

केंड्रा अमेरिकेतल्या नेब्रास्काची. वर्षभरासाठी इटलीत, बोलोन्याच्या विद्यापीठात शिकायला आली होती आणि इरिदेच्या मागच्या खोलीत राहत होती. शिकायला आली होती असे म्हणायचे, कारण कागदावर तसे लिहिलेले होते. एरवी सोमवार ते गुरुवार ती बोलोन्याचे फोटो काढी आणि शुक्रवारी पाठीवर पिशवी टाकून प्राग, व्हिएन्ना, लिस्बन असे कुठेतरी जाऊन तिथले फोटो काढी. इरिदेच्या दाराची कडी, जिन्यातली मांजर, एवढेच काय, दोरीवर वाळत घातलेले इरिदेचे लोकरी मोजेसुद्धा तिने सोडले नव्हते.

इरिदे कुरकुरायची खरी, पण रोल धुऊन आला की चष्मा पुसून पहिली हजर. सदुसष्ट वर्षांत तिने फ्लोरेन्सच्या पुढे पाऊल टाकले नव्हते. आणि तिची फोटो पाहायची रीतही वेगळी होती. मधोमध उभी हसणारी केंड्रा ती बघायचीच नाही. तिचे सगळे लक्ष कडेच्या माणसांवर. प्रागच्या पुलापेक्षा त्या पुलावरून चाललेल्या बाईच्या पिशवीत काय आहे, याचे तिला कुतूहल.

"ही कोबी घेऊन चाललीय बघ. आणि नवरा रिकाम्या हातानं मागे. तिथंही असंच का?"

त्या रविवारी जेवायला दोघीच होत्या. इरिदेचा मुलगा तुल्लिओ होणाऱ्या सासुरवाडीला गेला होता. ताटे उचलून झाली, केंड्राने नवे पाकीट उघडले आणि इरिदे सवयीप्रमाणे कडेकडेने बघू लागली. एक फोटो उंचावरून काढलेला होता. खाली लाल कौलांचा समुद्र, पुढे केंड्राचे अर्धे डोके, आणि डाव्या कडेला कठड्याला टेकून पाठमोरा उभा असलेला कुणी एक मोहरीच्या फुलासारखा पिवळा स्वेटर घातलेला माणूस.

इरिदेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटे लांब होती. ती बाही विणताना टीव्हीवर मालिकेचा शेवटचा भाग लागला होता, त्यामुळे इरिदे थांबायचे विसरली होती. असा स्वेटर साऱ्या इटलीत एकच होता.

"हे कुठलं गं?" तिने विचारले.

"थोरला मनोरा! मंगळवारी चढले. खूप, खूप पायऱ्या."

"अरे देवा! मेला माझा मुलगा!"

बोलोन्यात मूल चालायला लागले की त्याला सांगून ठेवतात, पदवी हातात पडेपर्यंत मनोऱ्यावर चढायचे नाही. जो विद्यार्थी चढला, त्याची पदवी गेली. मग तो कितीही हुशार असो. तुल्लिओ काही कितीही हुशार नव्हता. एकतीस वर्षांचा झाला होता आणि कायद्याच्या अभ्यासाचे त्याचे हे अकरावे वर्ष होते. आता कुठे शेवटचा पेपर राहिला होता, तोही तीन आठवड्यांवर आलेला. बैठकीच्या भिंतीवर, कैलासवासी नवरा ओरेस्ते याच्या फोटोशेजारी, इरिदेने पदवीच्या चौकटीसाठी एक खिळा ठोकून ठेवला होता. दर शनिवारी ती त्या खिळ्यावरची धूळ पुसायची. पदवी मिळाली की तुल्लिओचे मिलेनाशी लग्न व्हायचे होते. मिलेना नऊ वर्षे थांबली होती. आणि हा पठ्ठ्या मंगळवारी, वाचनालयात बसतो असे सांगून, मनोऱ्यावर हवा खात होता!

"पण सिन्योरा, मीही चढले," केंड्रा घाबरून म्हणाली.

"तुझी पदवी नेब्रास्कात आहे. तिथवर मनोऱ्याचा हात पोचत नाही. याचं काय करू मी?"

"तुल्लिओला विचारा ना."

"विचारलं की तो खोटं बोलेल. परीक्षेच्या तोंडावर पोराला खोटं बोलायला लावू?"

शेवटी इरिदे समोरच्या दारी नोर्माकडे गेली. नोर्मा म्हणजे उंटावरची शहाणी. तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर औषध असे आणि ते नेहमी दुसऱ्याने घ्यायचे असे.

"चढला? मग संपलं," फोटो बघून नोर्मा म्हणाली. "माझ्या भाच्याचं काय झालं? आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला चढला. आज रिमिनीला समुद्रावर छत्र्या भाड्यानं देतोय."

"तीन मजली घर बांधलंय त्यानं, नोर्मा."

"बांधलंय. पण पदवीशिवाय!" नोर्माने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "एक उतारा आहे. चढताना अंगावर जे होतं ते पुन्हा वर न्यायचं. उलट्या पावलांनी, एकेक पायरी मोजत. चारशे अठ्ठ्याण्णव. मग सरळ खाली यायचं. माणूस तोच पाहिजे असं नाही, कपडा चालतो."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या आजीनं."

"तुझी आजी मोदेनाची होती."

"मग मोदेनाला काय मनोरा नाही?"

बुधवारी सकाळी तुल्लिओ बाहेर पडताच इरिदेने धुण्याच्या टोपलीतून तो पिवळा स्वेटर काढला, स्वतःच्या कोटावरून चढवला आणि केंड्राला हाताला धरून निघाली. नोर्माचा गुडघा नेमका त्याच दिवशी दुखत होता.

मनोऱ्यातला लाकडी जिना जेमतेम दीड माणूस मावेल एवढा. इरिदे कठडा धरून पाठमोरी चढू लागली. वर केंड्रा तिला रस्ता सांगत होती. "डावीकडे, सिन्योरा. आता वळण. डोकं!" उलटे चढायची अडचण अशी, की खालून येणाऱ्यांच्या तोंडासमोर तोंड येते. साठाव्या पायरीला म्युनिकहून आलेली सहा माणसे तिच्या पुढ्यात येऊन ठेपली. पुढे जायला वाट नव्हती, आणि सभ्य माणसे असल्यामुळे त्यांना मागेही फिरता येईना. दीडशेव्या पायरीला त्यांनी शुभेच्छा दिल्या, अडीचशेव्या पायरीला चॉकलेट दिले. तीनशेव्या पायरीला त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने खुणा करून विचारले, की इथे सगळे असेच चढतात का. इरिदेने नुसतीच होकारार्थी मान हलवली, कारण तिला आकडा चुकवायचा नव्हता. मग खालचे साही जण वळले आणि तेही पाठमोरे चढू लागले.

केंड्राने या सगळ्याचा अख्खा रोल संपवला.

इरिदे वर पोचली. आकडा बरोबर चारशे अठ्ठ्याण्णव आला होता. तिने कठड्याला टेकून खाली पाहिले आणि ती पाहतच राहिली. सारा जन्म ती या मनोऱ्याच्या सावलीत वावरली होती आणि एकदाही वर आली नव्हती. तिला बंदी नव्हती, तिची शाळा चौथीतच सुटली होती. पण आधी भाऊ शिकत होता, मग मुलगा; घरातल्या शिकणाऱ्याला बाधेल म्हणून तिने कधी धाडसच केले नव्हते. केवढे होते ते सगळे! कौलांमागे कौले, मधेच कुणाची तरी गच्चीतली लिंबाची कुंडी, आणि पलीकडे चक्क टेकड्या.

"केंड्रा, ते बघ! माझे मोजे! काढ, काढ फोटो!"

"रोल संपला, सिन्योरा."

"कुचकामी गं तुझा कॅमेरा," इरिदे म्हणाली, आणि तिला खरोखरच वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी इरिदेला अंथरुणातून उठवेना. पाय लाकडासारखे झालेले. दुपारी नोर्मा धावत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि मलमाबरोबर मिलेनालाच घेऊन आली, कारण मिलेना त्याच दुकानात काम करत होती. इरिदेने डोळ्यांनी खूप खुणा केल्या, पण तोवर उशीर झाला होता.

"कशानं झालं हे?" मिलेनाने मलम चोळता चोळता विचारले.

"स्टुलावरून पडले. पडदा काढताना."

"दोन्ही पोटऱ्यांवर?"

"मोठं स्टूल होतं गं."

तेवढ्यात केंड्रा दारातून नाचतच आत आली. तिने रोल तासाभरात धुऊन देणाऱ्या दुकानातून आणला होता. "सिन्योरा! किती छान आलेत!" असे म्हणून तिने छत्तीसच्या छत्तीस फोटो पांघरुणावर पसरले. प्रत्येकात पिवळ्या स्वेटरातली इरिदे, पाठमोरी, आणि तिच्या पायांशी सहा जर्मन.

मिलेनाने एकेक फोटो उचलून पाहिला. आवाज न चढवता तिने विचारले, "तुल्लिओचा स्वेटर घालून तुम्ही मनोऱ्यावर उलट्या का चढत होता?"

इरिदेला रडू कोसळले. उशीखालचा तो पहिला फोटो काढून तिने मिलेनाच्या हातात दिला. "माफ कर गं मला. तुझी नऊ वर्षं पाण्यात गेली. डोकं फिरलं असेल त्याचं अभ्यासानं, म्हणून चढला. पण मी उतरवलंय सगळं. मोजून उतरवलंय."

मिलेनाने फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"सिन्योरा, परीक्षेच्या दिवसांत तुल्लिओ पायमोजे बदलतो?"

"छे! पेपर संपेपर्यंत एकच जोडी."

"रस्त्यात नन दिसली तर काय करतो?"

"लोखंडाला हात लावतो. नाही मिळालं तर माझ्या किल्ल्या मागतो."

"जांभळा रंग अपशकुनी म्हणून त्या रंगाची साधी पेन्सिल यानं अकरा वर्षांत हातात धरली नाही. हा माणूस पदवीआधी मनोऱ्यावर चढेल?"

"चढलाय ना! फोटोच आहे!"

"हो," मिलेना म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

नोर्माने आधी तोंडावर हात ठेवला. इरिदेला मात्र अजून उमजले नव्हते. ती फोटोकडे बघायची आणि मिलेनाकडे बघायची. मग हळूहळू तिच्या डोळ्यांतले पाणी थांबले आणि ती, पोटऱ्या विसरून, ताडकन उठून बसली.

"म्हणजे... हा मेला पास झालाय?"

सात वाजता तुल्लिओ घरी आला, तेव्हा चार बायका टेबलाभोवती त्याची वाट बघत होत्या. मधे फोटो ठेवलेला होता. त्याने फोटो पाहिला, आणि जो चेहरा केला त्याचा केंड्राने तत्क्षणी फोटो घेतला.

"कधी?" मिलेनाने एवढेच विचारले.

"या मार्चला... दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं! आणि मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला 'शेवटचा पेपर राहिलाय' म्हणून सांगतेय! दिवसभर करतोस काय?"

"एका नोटरीकडे जातो. मंगळवारी दुपारी सुट्टी असते. पदवी मिळाली त्या दिवशी पहिल्यांदा वर गेलो होतो. छान वाटतं तिथं. कुणी काही विचारत नाही."

"लग्न नको होतं तुला. सरळ सांग."

"हवं होतं! देवाशपथ हवं होतं!" तुल्लिओ खुर्चीत बसला. "मी सांगायलाच आलो होतो त्या दिवशी. पदवीच्या दिवशी डोक्यावर घालतात ती तमालपत्राची माळ पिशवीत घालून. मम्मा इथंच कणीक लाटत होती आणि रडत होती. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, 'तू शिकून सवरून घराबाहेर पडलास की मी कुणासाठी लाटू?' मग म्हटलं, उद्या सांगू. उद्याही ती लाटतच होती."

सगळ्यांनी इरिदेकडे पाहिले. इरिदेला तो दिवस लख्ख आठवत होता. ती उठली, लंगडत लंगडत मुलाजवळ गेली, आणि एक चापट मारून लगेच त्याच गालाचे तिने मुके घेतले. "माझा वकील! माझा वकील गं, नोर्मा!" मग सगळेच एकदम बोलू लागले. नोर्माने उताऱ्याचे श्रेय घेऊन टाकले. मिलेना अजून हसली नव्हती, पण तिने पर्समधून छोटी दिनदर्शिका काढली होती.

"मे महिना. पहिला शनिवार," ती म्हणाली.

"चालेल," तुल्लिओ म्हणाला.

"तुला विचारलं नाही, सांगितलं."

इरिदेने डोळे पुसले आणि सगळ्यांना रस्सा वाढला. मुलाच्या ताटात नेहमीप्रमाणे एक पळी जास्तच गेली. मग ती आपल्या जागी बसली. अकरा वर्षे जे मागितले ते आज घरात आले होते. देवाचे आभार मानायला हवे होते, आणि तिने ते मानलेही. तुल्लिओ मान खाली घालून भुरके मारत होता. तिने ते थोडा वेळ पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले.

"तुल्लिओ," ती अगदी सहज म्हणाली, "ती याच्याही पुढची पदवी असते ना रे, डॉक्टरेट... तिला किती वर्षं लागतात?"

मिलेनाने चमचा खाली ठेवला.