पवळोजीरावांचं निवांत नगरदर्शन

एका जंगलात काय घडलं, ते माझ्याइतकं खरं कुणालाच सांगता यायचं नाही. त्या जंगलात मी कधी पाऊल टाकलेलं नाही आणि निम्मी गोष्ट मला आत्ताच सुचते आहे, एवढी बारीक अडचण सोडली तर.

तर बाळांनो, मांडी घालून बसा. ज्या बाळांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची घ्या.

त्या जंगलाच्या कडेला तेलाचा घाणा होता. घाण्याला पवळोजीराव नावाचे बैल होते. डोळ्यांवर झापड बांधून त्यांनी जन्मभर घाण्याभोवती चकरा मारल्या. मग ते निवृत्त झाले. नारळ मिळाला, झूल मिळाली. ‘पवळोजीरावांनी आपल्या घाण्याला दिशा दिली’ असं भाषणसुद्धा झालं.

त्यांची बायको तांबू. गाय मोठी गुणाची, पण तिला एकच वेड होतं. शहरात कारंजं असतं, असं तिनं वासरू असताना ऐकलं होतं.

“पाणी वर जातं म्हणे!” ती म्हणायची. “अहो, मी आपलं जन्मभर पाणी खाली जातानाच पाहिलं. एकदा वर जाताना बघू द्या मला.”

“रिटायर झालो की जाऊ,” पवळोजीराव म्हणायचे.

आता ते रिटायर झाले होते. आता सुटका नव्हती.

त्याच दिवसांत चतरू कोल्ह्यानं एका झाडाला पाटी लावली. ‘ज्येष्ठांसाठी निवांत नगरदर्शन. धावपळ नाही. चढ नाही. प्रत्येक थांब्याला बिनसाखरेचा चहा.’

फी म्हणून गवताच्या पेंढ्या भरून मंडळी जमली. सांबर भाऊसाहेब आले. ते पूर्वी मामलेदार होते आणि हे ‘पूर्वी’ त्यांना अजून कुणी कळवलं नव्हतं. बोकड हेडमास्तर आले. ते आधी ‘चूक’ म्हणायचे आणि मग समोरचा काय म्हणतो ते ऐकायचे. बाकी बऱ्याच शेपट्या होत्या. त्यांची नावं तुम्हाला पाठ होणार नाहीत, मलाही झाली नाहीत.

चतरूनं शिट्टी फुंकली. सगळे निघाले. पवळोजीराव मात्र निघेनात.

समोर रस्ता होता. सरळ. इतका सरळ रस्ता त्यांनी उघड्या डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पाय उचलेना.

“अहो, चला ना,” तांबू म्हणाली.

“येतो गं. जरा रस्ता वळू दे.”

रस्ता काही वळेना. शेवटी चतरूनं कंटाळून आपलं उपरणं काढलं आणि त्यांच्या डोळ्यांवर बांधलं. त्याबरोबर पवळोजीराव तुरुतुरु चालायला लागले.

“थांबा!” भाऊसाहेब कडाडले. “यांना फडकं दिलंत. आम्हाला का नाही?”

“साहेब, त्यांना सवय आहे म्हणून...”

“आम्ही काय पेंढ्या कमी भरल्यात?”

“चूक,” हेडमास्तर म्हणाले. “आपण जास्त भरल्यात. मला धुतलेलं फडकं पाहिजे.”

मग काय विचारता! शहर राहिलं बाजूला, फडक्यांवरून जुंपली. कुणाला लाल हवं, कुणाला सुती हवं, कुणाला दोन हवीत. सगळ्यांचे डोळे बांधून झाले तेव्हा कुठं शांतता झाली.

“मला नको,” तांबू म्हणाली.

“अगं घे,” पवळोजीराव म्हणाले, “फुकट आहे.” मग तिनंही बांधून घेतलं.

पुढच्याचं शेपूट मागच्यानं तोंडात धरलं. सगळ्यांत पुढं पवळोजीराव. सवयीनं ते जरा डावीकडे वळले, मग आणखी जरा, आणि जंगलाच्या वेशीजवळच्या मोठ्या कडुलिंबाभोवती त्यांची फेरी सुरू झाली.

“सरळ! पवळोजीराव, सर...” चतरू ओरडला. आणि मध्येच गप्प झाला. अखेर कोल्हाच तो. शहरात गेलं नाही तर नदी ओलांडायला नको, हरवलेले म्हातारे शोधायला नकोत. तो सावलीत टेकला आणि पुकारू लागला.

“डाव्या हाताला राजवाडा!”

सगळ्या माना डावीकडे वळल्या.

“भव्य आहे,” भाऊसाहेब म्हणाले.

“चूक. रंग उडालाय,” हेडमास्तर म्हणाले. “आमच्या वेळी पिवळाधमक होता.”

“उजव्या हाताला संग्रहालय! त्याच्या पुढं चहा!”

फेरीमागून फेरी झाली. राजवाडा दोनदा लागला, पण तक्रार कुणाची नाही. गर्दी नाही, पायऱ्या नाहीत, गुडघ्यांची कुरकुर नाही. पवळोजीरावांच्या खुराला दर फेरीत तेच एक मूळ लागत होतं. शहरातले रस्ते सगळे सारखेच दिसतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं. पायांनाही ते सारखेच लागतात, ही नवी माहिती मिळाली. लोक प्रवासाला उगीच घाबरतात, असं त्यांना वाटलं.

“आणि आता कारंजं!”

तांबू अशी गपकन थांबली, की मागचे सगळे एकमेकांवर आदळले.

चतरूनं लिंबाची फांदी पाण्याच्या हंड्यात बुडवली आणि वरून झाडली. थेंब पडले. मंडळींनी खूर आपटून दाद दिली.

“अहो, पण पाणी खाली येतंय,” तांबू म्हणाली.

“वर गेलेलं पाणी खालीच येणार, बाई,” चतरू म्हणाला.

“मला ते वर जाताना बघायचंय.”

“त्याला डोळे उघडावे लागतात. ते आपल्या सहलीत धरलेलं नाही.”

तांबूनं मान झटकली. फडकं खाली पडलं. समोर लिंब, ओली फांदी घेतलेला चतरू, आणि माना वर करून उभे असलेले सगळे ज्येष्ठ.

“अगंबाई! हा तर आपला लिंब! आपण शहरात नाहीच आहोत!”

“बाई, खाली बसा,” भाऊसाहेब मागून ओरडले. “मागच्यांना दिसत नाहीये.”

तांबू नवऱ्यापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, “अहो, चला. रस्ता हा इथंच आहे. मी पुढं होते, तुम्ही माझ्या मागून या. फक्त ते उपरणं काढा.”

पवळोजीरावांनी लिंबाच्या खोडाला घासून उपरण्याची एक कड जराशी वर केली. रस्ता अजून सरळच होता. त्यांनी कड परत खाली केली.

“अगं, एवढं छान दाखवतायत ते. एक चहा व्हायचाय अजून. एकटी कुठं जातेस? निवांत नाही व्हायचं तुझं.”

तांबू रस्त्याला लागली. तिच्या खुरांचा आवाज लांब जाऊ लागला. गेलेला आवाज फिरून जवळ येतो, हे पवळोजीरावांना जन्मभर माहीत. ते कान टवकारून वाट बघत राहिले. हा आवाज फिरून आला नाही.

“सरका हो पुढं!” मागून धक्का बसला. ते चालू लागले.

शहर तसं नदीपलीकडेच होतं. दिवे लागायच्या सुमाराला तांबू परतली. लंगडत होती, पोटापर्यंत चिखल, आणि शिंगांपासून शेपटापर्यंत कारंज्याच्या पाण्यानं चिंब. लिंबाखाली तेव्हा फडकी सोडून सहलीचा समारोप चालला होता. सर्वांत पुढं राहून वाट दाखवल्याबद्दल पवळोजीरावांच्या गळ्यात हार पडला होता. बायकोची ही दशा बघून त्यांना फार वाईट वाटलं.

तात्पर्य

ते पवळोजीरावांनीच तिला घसा खाकरून सांगितलं.

“हे बघ तांबू, म्हातारपणी शहर बघावं ते डोळे झाकून. गुडघे दुखत नाहीत, वाट चुकत नाही, चिखल लागत नाही. आम्ही बघ, सगळं बघून कसे वेळेवर परत आलो.”

तांबूनं अंगावरचं पाणी झटकलं.

“परत आलात ते दिसतंच आहे,” ती म्हणाली. “पण अहो, गेला होतात कुठं?”