दातार गुरुजींची पाच मिनिटं

दातार गुरुजींना हाक मारायची सोय नव्हती. हाक पुरी व्हायच्या आत ते "आलो, आलो" करत समोर हजर. मग तोंडात घास असो की गालाला दाढीचा साबण. पळसदरीच्या रस्त्यावर कुणी आपल्या म्हशीला हाक मारली, तरी हे दारात. बायका पदराआड हसत. मी त्यांच्याच शाळेत मास्तर, त्यामुळे उघड हसायचो.

त्यांचं दुसरं खूळ वर्गातलं. रोज गणिताआधी पाच मिनिटं पोरांनी डोळे मिटून गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. "जवळचं सगळ्यांनाच ऐकू येतं. लांबचं ऐका," हे त्यांचं पालुपद. सगळ्यांत लांबचा आवाज ऐकणाऱ्याला गुळाचा खडा. मग काय, चढाओढ लागायची. एकाला घाटातल्या इंजिनाची शिट्टी, दुसऱ्याला कर्जत स्टेशनातली घंटा, आणि एका कार्ट्याला थेट पुण्याचा भोंगा. गुरुजी त्यालाही खडा देत.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. बघतात तर चाळीस पोरं आणि त्यांचा मास्तर, सगळ्यांचे डोळे मिटलेले.

"ही शाळा आहे की धर्मशाळा?" साहेबांनी विचारलं.

पुढच्या ओळीतली ठकी डोळे न उघडता म्हणाली, "गुरुजी, कुनाच्या तरी पोटात गुरगुरतंय."

मी साहेबांच्या मागे तोंडात रुमाल कोंबून उभा होतो.

आठवड्याभरात लेखी हुकूम आला. हा प्रकार बंद करावा. गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसले.

"आता पोरांना ऐकायला कोण शिकवणार हो?"

मला वाईट वाटलं होतं, पण जिभेला सवय वाईट. "ऐकून काय दिवे लावणार आहेत?" मी म्हटलं.

"माझी कुसुम सहा वर्षांची होती," गुरुजी म्हणाले. "मागच्या विहिरीकडून तिनं 'बाबा' म्हणून हाक मारली. मी वह्या तपासत होतो. हाक कानावर आली, पण माझं लक्ष नव्हतं. 'थांब गं जरा,' म्हणालो. उरलेल्या वह्या संपवून उठलो. पाचच मिनिटं झाली असतील."

इतकी वर्षं मी त्या 'आलो'ला हसत होतो. मला माझी लाज वाटली.

शाळा सुटली. न्यायला आलेला बाप फाटकाशी दिसताच एक चिमुरडी "बाबा" म्हणत तिकडे धावली.

गुरुजी ताडकन उठले. "आलो गं," म्हणाले. दोन पावलं गेलेही. मग थबकले आणि धोतर झटकत परत येऊन बसले.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसून राहिलो.