शिशाला चव नसते

आमच्या जालन्यातल्या गल्लीत साळवेकाका कुणाकडे पाणी मागत नाहीत, पाण्याची चौकशी करतात. "बोअरचं हाय? खड्यातून गाळलं का बराबर?" एवढी उलटतपासणी झाली की मगच पेला तोंडाला लागतो.

सळयांच्या कारखान्यात, धुराड्याच्या गाळणीवर त्यांचं आयुष्य गेलं. धुरात खास मातीची भुकटी सोडायची आणि धुरातलं शिसं तिच्यावर धरून ठेवायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या पाण्याकडे मोर्चा वळवला. गल्लीमागे पूर्वी कुणीतरी जुन्या बॅटऱ्या वितळवायचं, त्यामुळे बोअरमध्ये शिसं निघालं होतं. विहिरी खोदताना काळ्या दगडातून पांढरे खडे निघतात, तेही त्या मातीसारखंच शिसं धरतात. ते आणून, कुटून काकांनी बादल्यांत भरले आणि त्या गाळायला घरोघर दिल्या. पाणी तपासून आणलं तर शिसं खरंच उतरलेलं.

"शिशाला चव न्हाई, वास न्हाई, रंग न्हाई," हे त्यांचं पालुपद. "बिलकुल लबाड जात हाय. खडाच त्याला धरतो."

माझ्या मेव्हण्याच्या लग्नाला टेंभुर्णीला आले, मांडवामागे विहिरीचं खोदकाम दिसलं आणि ऐन अक्षतांच्या वेळी काका गायब. परतीच्या एसटीत खिडकीशी खड्यांचं पोतं बसलेलं, काका उभे. "धक्का लागला तर पीठ व्हईल," म्हणाले. घरी नेऊन काका ते खडे कुटणारच होते.

दर आठवड्याला ते खडे बदलायला येत. बदलायला पाच मिनिटं, बसायला दोन तास. आमची ही वैतागायची.

मग धरणाचं पाणी नळाला आलं आणि बोअर बंद झाली. सगळ्यांनी बादल्या परत केल्या. मीही आमची घेऊन गेलो, तर काकांच्या ओसरीवर बादल्यांची चळत, प्रत्येकीवर खडूनं घराचं नाव. त्यांच्या नावाची मात्र एकही नव्हती.

"काका, तुमची बादली?"

"एकट्यापुरतं कोण गाळीत बसतं? मी तुमच्याकडंच पेत व्हतो की."

मला फार वाईट वाटलं. आमची बादली मी तशीच परत आणली आणि हिला सगळं सांगितलं. दोन आठवडे काका फिरकले नाहीत. शेवटी हीच जाऊन त्यांना घेऊन आली.

"काका, नळाच्या पाण्याला शिशाची चव येऊन राह्यली," ती म्हणाली.

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक घोट घेतला, तोंडात बराच वेळ घोळवला.

"येऊन राह्यली खरी," ते म्हणाले. "मंग दर आठवड्याला यावं लागंल."