इन्व्हर्टरच्या पाठीवर हात

आमच्या खंडूबापूंनी सोलरचा इन्व्हर्टर निवडला तो मेंढा निवडतात तसा. म्हणजे मालकाच्या घरी जाऊन, न सांगता, भर दुपारी.

मुकुंदवाडीच्या पलीकडे आज आमची कॉलनी आहे, तिथे पूर्वी बापूंची मेंढरं चरत. पुढे प्लॉट पडले, कळप विकला गेला आणि बापू माझे शेजारी झाले. जनावरं गेली तरी पारख शिल्लक होती, आणि ती कुठेतरी वापरायला हवी होती.

त्या वर्षी पाऊस नव्हता. टँकरची वाट बघण्यात आमचे दिवस जात. ऊन मात्र मुबलक. बापूंचा एकुलता एक मुलगा सुभाष बंगळुरूला असतो. त्याने वडिलांना छतावर सोलर बसवून द्यायचं ठरवलं. घरात वापरून उरलेली वीज सरकारी लाईनला जाणार होती. "इन्व्हर्टर कोणता घ्यायचा ते तुम्हीच बघा," असं तो फोनवर म्हणाला आणि बापू कामाला लागले.

ज्या छतावर पॅनेल दिसेल त्या घराची कडी ते वाजवत. सोबत मी, कारण "मास्तर संगं असला म्हंजी लोक बसा म्हणत्यात." बापू बसत मात्र नसत. थेट इन्व्हर्टरपाशी जाऊन त्याच्या पाठीवर तळहात ठेवत आणि डोळे मिटत.

"अंग गरम हाय याचं."

"दुपारचा होतोच हो," मालक जरा घाबरून म्हणे.

"बरं, आजारी पडला तर सांगतो कुणाला?"

"लाल दिवा लागतो ना."

"दिवा बघाया घरात माणूस पायजे की," असं म्हणून बापू चपला घालत. असे किती दिवे आम्ही नापास केले! उन्हाने माझं डोकं दुखायला लागलं होतं. एवढी चिकित्सा लोक मुलीचं स्थळ बघतानाही करत नाहीत.

शहरातल्या छावणी भागातल्या एका दुकानदाराने वॉरंटी सांगितली, गुण सांगितले. बापू ढिम्म. "मुकं जनावर हाय. दुखलं खुपलं तर बोलतं का?"

"ये बोलता, चाचा," तो वैतागून म्हणाला. "बंद पडा तो मोबाईलपे मेसेज जाता."

"कुणाच्या?"

"आपके बेटे के भी."

"बंगळुरात?"

"कहीं भी."

बापूंनी खोकं स्वतःच उचललं.

इन्व्हर्टर उत्तम निघाला. बापूंनी त्याच्यावर सावलीला गोणपाटाचं छप्पर केलं. तांदूळ धुतलेलं पाणी साठवून ते पॅनेल पुसत. महिने गेले, तो एकदाही बंद पडला नाही. मी कौतुक केलं, तर बापू तोंड पाडून म्हणाले, "लई तब्येतीचा निघाला हो, मास्तर." म्हातारपणी माणसाला चांगल्याचंही दुःख होतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग एका दुपारी टँकर दिसतो का म्हणून मी माझ्या गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीवर बापू होते. त्यांनी गोणपाट बाजूला सारलं, इन्व्हर्टरचं बटण बंद केलं आणि बटणांचा जुना फोन मांडीवर घेऊन जिन्याच्या सावलीत बसले. मी हाक मारणार होतो, पण त्यांच्याकडे बघून मारवली नाही.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"व्हय रे, सुभाष... बंद पडला? आरं, मला काय कळतंय त्यातलं... तू जेवला का? काय केलतं?... आन पोरगी? चालती का आता?"

पारूकाकू होत्या तेव्हा सुभाष आईशी रोज बोलायचा. त्या गेल्या आणि फोन विरळ झाले. बापलेकांना बोलायला विषयच नसे. आता विषय होता. बापू हसत होते, पुन्हापुन्हा तेच विचारत होते.

एकदम ते घाबरून उठले. पलीकडून सुभाषने इन्व्हर्टर बदलायचं काढलं असावं. बापूंनी घाईने जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नगं रे, बदलू नगं. लई इमानी हाय ह्यो. आधनंमधनं पडतो आजारी... पडू दे की."